गवतगाडीचा पोळा

जळक्या रबराचा वास कुठूनही आला, की मला देवस्थळींची आठवण येते. देवस्थळी समोरच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि रोज सकाळी साडेसातला गॅलरीत टॉवेल वाळत घालताना दिसतात, त्यामुळं त्यांची आठवण यायची खरं तर काही गरज नाही. पण टॉवेलवाले देवस्थळी मला फारसे आवडत नाहीत. मला आठवतात ते हातात वही, खिशात टेस्टर आणि मी जन्माला येऊन आपल्या कामात व्यत्यय आणला आहे असा चेहरा केलेले देवस्थळी. ते भांडायला बरे पडतात.

परवा भाद्रपदाची अमावास्या होती आणि दुपारी परतीचा पाऊस आला. तीन वाजेपर्यंत उकडून उकडून जीव घेतला, मग कात्रजच्या डोंगरामागं कुणीतरी लोखंडी कपाट सरकवल्यासारखा आवाज झाला आणि अर्धा तास झोडपून काढलं. हा पाऊस मला सगळ्यांत आवडतो, कारण तो भांडखोर आहे. आषाढातला पाऊस पाहुण्यासारखा राहायला येतो. हा निरोप घेऊन निघतो, अर्धा जिना उतरतो, आणि राहिलेलं एक वाक्य ऐकवायला परत वर येतो. आमच्या हिरवळीला त्याचं ते वाक्य फार मानवतं. चार दिवसांत गवत घोट्याच्या वर येतं, आणि मग शेडमधून ती गाडी बाहेर निघते. तिचा आवाज ऐकला की मी अजूनही हातातलं काम टाकून नाक वर करतो. वास येतोय का? नाही. मग पुन्हा पेपर तपासायला घेतो. सहामाहीचे पेपर असतात; त्यांनाही एक जळका वास येतो, पण तो वेगळा.

आमची सोसायटी डोंगराच्या पायथ्याशी, उतारावर आहे. बिल्डरनं माहितीपत्रकात एक भलीमोठी हिरवळ छापली होती आणि तिच्यावर एक गोरंगोमटं कुटुंब चेंडू खेळत होतं. ते कुटुंब राहायला आलं नाही, हिरवळ मात्र खरोखर मिळाली आणि तिच्याबरोबर गवत कापायची ही गाडी. लाल रंग, चार चाकं, वर एक खुर्ची, पुढं स्टिअरिंग आणि पोटाखाली गरगर फिरणारी पाती. माणसानं वर बसायचं आणि गवतावरून हिंडत राहायचं. पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी तिच्यावर बसून फोटो काढून घेतले. देवस्थळींनी काढला नाही. त्यांनी गाडीचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आणि तिथून आमच्या सोसायटीचं दुर्दैव सुरू झालं.

देवस्थळी सेक्रेटरी. सगळी नोकरी खडकीला एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून झालेली. तिथला एक नियम ते जसाच्या तसा आमच्याकडं घेऊन आले होते. यंत्र चालवणाऱ्यानं पान्याला हात लावायचा नाही. चालवणारा चालवेल, खोलणारा खोलेल, आणि सुपरवायझर बघेल. शेडच्या दारावर त्यांनी सुवाच्य अक्षरांत पाटी लावली होती: ‘चालकाने यंत्र खोलू नये. खोलल्यास पुन्हा चालवू नये.’ मी तिच्याखाली पेन्सिलनं लिहिलं, ‘मग कोणी खोलावे?’ दुसऱ्या दिवशी माझ्या ओळीखाली उत्तर होतं: ‘प्रश्न विचारणाऱ्याने तर नाहीच.’ असे आमचे संबंध.

चालक म्हणजे नामदेव. माझ्याच वयाचे, इथल्याच गावचे. आज जिथं हिरवळ आहे तिथं त्यांच्या वडिलांचं रान होतं, आणि आमच्या इमारतीच्या पार्किंगच्या जागी गोठा. “तुमची गाडी उभी ऱ्हाती ना सर, तितं पाखऱ्या बांधलेला असायचा,” असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. पाखऱ्या म्हणजे त्यांचा बैल. तेव्हापासून मला गाडी रिव्हर्स घेताना उगाच अपराधी वाटतं. रान गेल्यावर त्यांचे भाऊ कुठं कुठं पांगले. नामदेव सोसायटीत कामाला लागले. का, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “दुसरीकडं काम हाय की. पर ह्या रानात कुठं पाणी मुरतंय ते मला ठावं हाय. दुसरीकडचं काय ठावं?” त्या गाडीवर बसून ते उतारावर आडवे हिंडत तेव्हा ते गवत कापतायत असं वाटायचंच नाही. रान बघायला आलेत असं वाटायचं.

आणि चार वर्षांपूर्वीच्या अशाच परतीच्या पावसात त्या माणसाचं काम जाण्याची वेळ आली. एका पट्ट्यापायी. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा रबराचा एक पट्टा असतो, गाडीच्या पोटातून तीन पुल्यांवरून फिरणारा. माणसांच्या भांडणात इतकी छोटी वस्तू इतकी मोठी झालेली मी दुसरी पाहिली नाही.

सुरुवात पोळ्यानं झाली. आमच्याकडं पोळा भाद्रपदात असतो. गावात बैल एकही उरला नव्हता. मग मला कल्पना सुचली की गवतगाडीचाच पोळा करू. ती बैलांच्या प्रेमातून सुचली असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. आदल्याच आठवड्यात देवस्थळींनी आमच्या हौशी नाटकाच्या तालमीला सोसायटीचा हॉल नाकारला होता. अर्जावर शेरा होता: ‘मोठ्याने बोलणे आवश्यक आहे काय?’ नाटकात! मला त्यांच्या लाडक्या यंत्राला शिंगं लावायची होती, बस्स.

बोहरी आळीत जाऊन मी बेगड आणली, घुंगरं आणली. गोंडे सुती मागितले. दुकानदार म्हणाला, “नायलॉनचे आहेत. बैल तक्रार करत नाहीत.” मी गुलाबी आणि हिरवे घेतले. पाइपची शिंगं झाली, आमच्या जुन्या पडद्याची झूल झाली. मुलांनी लेझीम काढलं. नामदेवांनी सकाळपासून गाडी धुऊन लख्ख केली होती. ते त्या दिवशी पांढरी टोपी घालून आले. त्यांच्या बायकोनं पुढच्या चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, बॉनेटवर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला आणि डोळे मिटून हात जोडले. माझ्या तोंडात एक विनोद तयार होता. मी तो गिळला. का ते तेव्हा कळलं नाही.

गॅलरीतून देवस्थळी ओरडले, “अहो सर, यंत्र सोसायटीचं आहे!”

“बैल गावाचा आहे!” मी खालून ओरडलो. टाळ्या पडल्या. राज्य स्पर्धेत मला असली टाळी कधी मिळाली नाही.

मिरवणूक संपता संपता पाऊस आला. माणसं पळाली. शेडमध्ये मी आणि नामदेव उरलो. गोंड्यांच्या दोऱ्या गाडीच्या खालच्या अंगाला गुंतल्या होत्या. मी ओढायला लागलो तसे नामदेव म्हणाले, “थांबा सर. पोळ्याचा साज ओढायचा नसतोय. सोडवायचा.” मी भिजलेला, घरी भजी तळली जात होती. “तुटलं तर तुटलं हो, झाला आता पोळा,” म्हणत मी दोन-तीन हिसके दिले, हातात आलं ते बादलीत टाकलं आणि वर पळालो. नाटकवाली माणसं पडदा पडला की नेपथ्याकडं बघत नाहीत.

घट बसले आणि तिसऱ्या दिवशी गाडी किंचाळली. इतर शब्द मी शोधून पाहिले, पण ती किंचाळलीच. उताराच्या मध्यावर इंजिन धडधडतंय, चाकं ढिम्म, आणि पोटाखालून निळसर धूर. सगळ्या सोसायटीत जळक्या रबराचा वास. बायका गॅस बघायला स्वयंपाकघरात धावल्या. देवस्थळी वही घेऊन खाली उतरले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि नामदेवांना म्हणाले, “ब्रेकवर पाय ठेवून चालवतोस.”

“न्हाय साहेब. पाय लांब असतोय माझा. आवाज डाव्या अंगानं येतोय, मधल्या पुलीपाशी. एकदा खोलून बगू द्या.”

“पाटी वाचता येते ना?”

दुचाकीचा एक मेकॅनिक आला. त्यानं जुना पट्टा हिसकून काढला. कडा काचेसारख्या चकचकीत, मध्ये जळालेला. नवा आणायला कमिटीनं देवस्थळींना आणि मला एकत्र पाठवलं. कमिटीत विनोदी माणसं आहेत. त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मी कात्रजपासून बोहरी आळीपर्यंत गेलो. स्वारगेटला सिग्नलवर त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि आरसा फिरवला.

दुकानात देवस्थळींनी तो जळका पट्टा काउंटरवर ठेवला.

“काय हवंय?”

“पट्टा.”

“तो आहे की तुमच्याकडं.”

“नवीन हवा.”

“नंबर?”

“नंबर जळलाय. आम्ही कात्रजहून आलोय.”

“मग लवकर निघा. एकला बंद करतो.”

त्या क्षणी मला देवस्थळींविषयी जिव्हाळा वाटला, हे मी आज कबूल करतो. दोघांना एकाच माणसानं एकाच वेळी झाडलं होतं. शेवटी दुकानदारानं पट्टा सुतळीनं मोजला आणि पिठाच्या गिरणीचा एक काढून दिला. “बसेल,” म्हणाला. बसला, पण फार खोल. पुलीच्या खाचेत रुतला आणि पहिल्याच दिवशी रडायला लागला. मग देवस्थळी माहितीपुस्तकातून नंबर काढून एकटेच गेले आणि अगदी अस्सल, बरोबर मापाचा पट्टा घेऊन आले. स्प्रिंगचा ताण त्यांनी मेकॅनिककडून तपासून घेतला. वहीत लिहिलं. एक दिवस गाडी चालली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच धूर.

आता देवस्थळींचं तर्कशास्त्र ऐका. पट्टा बरोबर, ताण बरोबर, म्हणजे माणूस चूक. सूचनाफलकावर नोटीस लागली. दसऱ्यानंतरच्या रविवारी विशेष सभा. विषय क्रमांक एक: चालक नामदेव यांस कमी करून हिरवळीचे काम बाहेर देणे. विषय क्रमांक दोन: पाण्याची टाकी धुणे.

मला तर पर्वणीच! मी जिन्यात देवस्थळींची नक्कल करायचो. वही, टेस्टर, “पाटी वाचता येते ना?” नोटिशीखाली रोज एक नवी ओळ लिहायचो. लोक हसायचे. नवरात्र असं मजेत चाललं होतं आणि हिरवळीवर गवत गुडघ्याला लागत होतं. दसऱ्याच्या दिवशी सोनं द्यायला नामदेव आले. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “सर, समद्यांचं हसून झालं असंल तर एक सांगू? रविवारी मला घालवत्याल.”

त्या आठ-दहा दिवसांत मी देवस्थळींना पन्नास तरी टोमणे मारले असतील. नामदेवांसाठी एकही काम केलं नव्हतं.

शनिवारी आम्ही गाडी खोलली. भर दुपारी, कारण देवस्थळी एक ते चार झोपतात, आणि त्या वेळात त्यांच्या दारावर वीज पडली असती तरी तिला बेल वाजवायची परवानगी नव्हती. नामदेवांनी फडक्यात गुंडाळलेला पाना आणला होता. त्यांच्या विहिरीवरच्या इंजिनाचा. विहीर बुजली, इंजिन भंगारात गेलं, पाना राहिला. “त्या इंजिनाचा बी पट्टा असाच जळायचा,” ते म्हणाले, “पट्ट्याला कुणी न्हाय इचारायचं. पट्टा ज्याच्यावरनं फिरतो त्याला इचारायचं.”

त्यांनी किल्ली काढून माझ्याकडं दिली. प्लगची वायर उपसून बाजूला केली. “झोपलेली असली तरी चावती,” म्हणाले. इंजिन गार होतं तरी एकदा हात लावून बघितलं. मग खाली आडवे झाले, पट्टा सैल केला आणि एकेक पुली नुसती बोटानं फिरवली. पहिली फिरली. दुसरी फिरली. डाव्या अंगाची, पट्ट्याला ताण देणारी तिसरी, ती हललीच नाही. “हे मेलंय,” नामदेव म्हणाले. एवढंच होतं. पुली जागेवर घट्ट बसलेली, आणि नवा काय अन् जुना काय, प्रत्येक पट्टा तिच्यावरून घासत घासत जळत होता. इतक्या दिवसांत तिला बोट लावून फिरवायचं कुणालाही सुचलं नव्हतं. ज्याला सुचलं त्याला मनाई होती.

बोल्ट काढून त्यांनी पुली खाली घेतली. तिच्या मागं, दांड्याभोवती, काळं कडक काहीतरी आवळून बसलं होतं, वितळून बेअरिंगच्या आत शिरलेलं. नामदेवांनी ते नखानं उकललं. बाहेरून डांबरासारखं, आतून गुलाबी. शेवटी एक झुबका निघाला, निम्मा हिरवा.

शेडच्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला. नामदेवांनी तो गोंडा माझ्या तळहातावर ठेवला.

“हे तुमचं, सर.”

एवढंच. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या. मला ते जमतं. ते पुली फडक्यानं पुसत बसले. मला तेव्हा बॉनेटवरचा नैवेद्य आठवला, आणि मिटलेले डोळे. त्यांच्या घरात कित्येक वर्षांनी पोळा आला होता. माझ्याकडं तो देवस्थळींना डिवचायला आला होता.

मी हिशेबी विचारही केला, खोटं कशाला सांगू? गोंडा कचऱ्यात टाकला असता तर कुणाला कळलं असतं? पण मग गाडी दुरुस्त कशी झाली याचं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि खोलली म्हणून नामदेव गेलेच असते. गोंडा दाखवून गप्प बसलो असतो, तर मिरवणुकीत लगाम धरल्यासारखे पुढं कोण होते, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. पांढरी टोपी घातलेले नामदेव.

रविवारी सभेत मी उभा राहिलो. “गाडी मी बिघडवली,” म्हणालो.

लोक हसले. काय नवीन नक्कल आणलीय म्हणून पुढं सरकले. मी रुमाल सोडून गोंडा दाखवला, ते आणखी हसले. “मी ओढला. नामदेव सोडवू म्हणत होते. मी ओढला, तुटका तुकडा आत राहिला.” पुन्हा हशा. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षक माझ्यावर खूश होते आणि ते थांबावेत म्हणून मी हातापाया पडायला तयार होतो. एकच माणूस हसत नव्हता. देवस्थळी उठले, माझ्या हातातून गोंडा घेतला, उजेडात धरला, वास घेतला.

“कोणी खोललं?”

“मी,” मी म्हणालो.

“तुम्हाला डबा खोलता येत नाही.” त्यांनी मागं दाराकडं बघितलं. तिथं नामदेव उभे होते.

“मी खोललं साहेब. माझ्या पान्यानं.”

“केव्हा?”

“तुम्ही झोपल्यावर.”

आता कुणीच हसलं नाही. देवस्थळी गोंड्याकडं बघत होते. “ताण देणारी पुली?” त्यांनी विचारलं. “व्हय,” नामदेव म्हणाले. “मी स्प्रिंग बघितली,” देवस्थळी म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. “पुली फिरवून बघायला सांगितली नाही.” खुर्चीत बसून त्यांनी वहीतली एक ओळ फूटपट्टी लावून खोडली. मग टोपण लावून म्हणाले, “विषय क्रमांक दोन. पाण्याची टाकी.”

दुसऱ्या दिवशी शेडवर नवी पाटी होती: ‘यंत्राची दुरुस्ती: श्री. नामदेव यांजकडे. यंत्राची सजावट: बंद.’ पेन्सिल माझ्या खिशात होती. मी ती बाहेर काढली नाही. देवस्थळींनी मात्र माझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. नाटकाचा अर्ज तेवढा मंजूर होऊन आला. शेरा होता: ‘हळू बोलावे.’

तर परवा पोळा झाला. नामदेवांनी गाडी धुतली, बोटानं हळदकुंकू लावलं. त्यांच्या बायकोनं चाकांवर पाणी घातलं. सजावट बंद आहे, नैवेद्य बंद नाही. पाटीत तसं काही लिहिलेलं नाही. मी तीन वर्षं वरूनच बघत होतो. या वर्षी खाली गेलो. खिशात एक गोंडा होता, सुती, अख्खी बोहरी आळी पालथी घालून मिळवलेला. मी तो पुढं केला.

नामदेवांनी गोंडा उलटासुलटा करून बघितला. धागा ओढून बघितला. गाडीकडं बघितलं, पाटीकडं बघितलं.

“हात पुढं करा, सर.”

मी केला. त्यांनी गोंडा माझ्या मनगटावर बांधायला घेतला. “हितं बरा हाय,” म्हणाले. “हितं काय फिरत न्हाय.” त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून आवाज आला.

“नामदेवराव, गाठ पक्की मारा. ते ओढतात.”